वजनाविना धातुरस : एका फसलेल्या अपेक्षेचा इतिहास

कळमना म्हटले की नागपूरकरांना बाजार समितीचे आवार, संत्र्यांचे ढीग आणि मिरचीचा ठसका आठवतो. याच परिसरातील एका लहानशा ओतशाळेत काही वर्षांपूर्वी मी गेलो होतो. सोबत जवळच्याच शाळेतील विज्ञानाचे एक शिक्षक होते. डाळ गिरणीच्या यंत्रासाठी लागणारे गनमेटलचे बुश तेथे ओतले जात होते. मुशीत तांबे आणि कथील वितळले होते, त्यात शिसे टाकले गेले, आणि मिस्त्री लोखंडी सळईने रस ढवळू लागले. इतके कशासाठी ढवळता, असे विचारल्यावर ते म्हणाले, "ढवळलं नाही तं शिसं बुडाशी जाऊन बसते, साहेब. मग वरचा बुश कोरडा अन् खालचा नुसता शिशाचा."

परतताना शिक्षकांनी विचारले, "सर, अंतराळयानात वजनच नसते. तेथे हीच मूस नेली तर शिसे खाली बसणार नाही ना?"

मी चटकन म्हणालो, "नाही बसणार. सर्वत्र सारखे पसरलेले राहील."

या उत्तराचा पहिला भाग बरोबर होता, दुसरा चूक. आणि मी धातूंच्या घनीभवनाचा अभ्यास केलेला माणूस! विद्यार्थिदशेत कोठेतरी वाचलेले वाक्य मी वर्षानुवर्षे व्याख्यानांतून सांगत आलो होतो. पुढे मूळ प्रयोगांचे अहवाल नीट वाचले तेव्हा कळले की १९७० च्या दशकात नामांकित शास्त्रज्ञांचीही नेमकी हीच अपेक्षा होती, आणि धातूंनी ती खोटी ठरवली. त्या शिक्षकांना दिलेल्या उत्तराची दुरुस्ती म्हणून हा लेख.

तेल, पाणी आणि धातू

काही धातू वितळल्यावर एकमेकांत साखरेसारखे विरघळतात. तांबे आणि निकेल हे त्याचे उत्तम उदाहरण. काही जोड्या मात्र तेल-पाण्यासारख्या असतात. अ‍ॅल्युमिनियम आणि शिसे ही अशीच एक जोडी. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. दोन्ही द्रव झाले तरी सातशे अंशांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियममध्ये शिसे जेमतेम दोन-तीन टक्के विरघळते. बाकीचे वेगळे राहते. शिसे आणि जस्त यांचेही तसेच. परंतु तापमान सुमारे ८०० अंशांच्या वर नेले, की हे दोन द्रव कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. म्हणजे फारकत कायमची नसते, ती तापमानावर अवलंबून असते. एकजीव झालेला रस थंड होऊ लागला की एका विशिष्ट तापमानाला तो गढूळ होतो. एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे असंख्य बारीक थेंब तयार होतात. प्रश्न उरतो तो एवढाच, की या थेंबांचे पुढे काय होते?

पृथ्वीवर ते बुडतात. द्रव अ‍ॅल्युमिनियमची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.४ ग्रॅम, तर द्रव शिशाची साडेदहा ग्रॅम. स्टोक्सचा नियम वापरून आपण हिशेब करू शकतो. एक शतांश मिलिमीटर त्रिज्येचा शिशाचा थेंब अ‍ॅल्युमिनियमच्या रसात सेकंदाला एक ते दीड मिलिमीटर वेगाने खाली जातो. दहा सेंटिमीटर खोल मुशीचा तळ तो साधारण दीड मिनिटात गाठतो. थेंबाची त्रिज्या दुप्पट झाली तर वेग चौपट होतो. शिवाय मोठा थेंब वाटेतल्या लहान थेंबांना गिळत जातो आणि आणखी वेगाने बुडतो. ओतलेला रस गोठायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आतच सगळा खेळ आटोपलेला असतो.

कळमन्याच्या मिस्त्रींचे काम त्या मानाने सोपे होते. तांबे आणि शिसे यांच्यातील फारकत इतकी तीव्र नाही. गनमेटल गोठताना आधी तांब्याच्या स्फटिकांच्या फांद्या वाढतात आणि त्यांच्या जाळीत शिशाचे थेंब अडकून राहतात. ढवळून लगेच ओतले आणि लवकर थंड केले, की निभावते. अ‍ॅल्युमिनियम-शिशाच्या बाबतीत मात्र ही जाळी तयार होण्यापूर्वीच शिसे तळाला पोहोचलेले असते.

असे मिश्रण हवे तरी कशाला? तर बेअरिंगसाठी. फिरत्या दांड्याला आधार देणारा धातू भार सोसण्याइतका टणक हवा आणि घर्षण कमी करण्याइतका मऊही हवा. टणक धातूत मऊ धातूचे कण सारखे विखुरले तर दोन्ही गुण मिळतात. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा पांढरा धातू पुढे रेल्वेच्या वाघिणींच्या आसांखाली जगभर वापरला गेला. हलक्या अ‍ॅल्युमिनियममध्ये शिशाचे बारीक कण पसरवता आले तर मोटारीच्या इंजिनासाठी उत्तम बेअरिंग मिळेल, हे अभियंत्यांना ठाऊक होते. आडवे येत होते ते गुरुत्वाकर्षण. निदान सर्वांची समजूत तशी होती.

फारकत हा नेहमी दोषच असतो असेही नाही. अलेक्झांडर पार्क्स याने १८५० मध्ये तिचाच उपयोग करून शिशातील चांदी वेगळी काढली. शिशाच्या रसात थोडे जस्त मिसळले की चांदी शिसे सोडून जस्ताकडे जाते, आणि जस्त हलके असल्यामुळे वर तरंगते. ते काढून घेतले की झाले! एकाची डोकेदुखी ती दुसऱ्याची युक्ती.

मनोऱ्यावरून पडणारे शिसे

वजनाविना धातू गोठवण्याची कल्पना अंतराळयुगाच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात विल्यम वॉट्स नावाचा एक नळकारागीर होता. त्याने १७८२ मध्ये बंदुकीचे छर्रे बनवण्याच्या नव्या रीतीचे पेटंट घेतले. आपल्या घरावर त्याने मनोरा चढवला, वरून वितळलेले शिसे चाळणीतून सोडले आणि खाली पाण्याचा हौद ठेवला. पडता पडता शिशाचे थेंब गोल होत आणि गोठू लागत. शिशात थोडे आर्सेनिक मिसळले की थेंबांना शेपूट राहत नाही, हेही त्या काळच्या कारागिरांना माहीत होते.

येथे घडते ते असे. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूला स्वतःचे वजन जाणवत नाही. थेंबाला खाली दाबणारे काही उरत नाही, आणि पृष्ठताण त्याला सर्व बाजूंनी सारखा आवळून गोल करतो. पंचवीस-तीस मीटर पडायला सव्वादोन ते अडीच सेकंद लागतात. हवेच्या रोधामुळे ही अवस्था परिपूर्ण नसते, तरी वॉट्सचा मनोरा ही एका अर्थी सूक्ष्मगुरुत्वाची पहिली ओतशाळाच होती. तो मनोरा १९६८ पर्यंत उभा होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो पाठ्यपुस्तकांच्या वाचनातूनही शिरतो. यान पृथ्वीपासून दूर गेले म्हणून तेथे गुरुत्वाकर्षण संपते, असे नाही. चारशे किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतेच. यान, मूस, रस आणि अंतराळवीर हे सगळे एकाच वेगाने पृथ्वीभोवती पडत असतात, म्हणून परस्परांच्या तुलनेत वजन जाणवत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडून पाणी भरावे आणि उंचावरून सोडावे. पडत असेपर्यंत धार थांबते. वर्गात हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. कागदावरचे सूत्र एका क्षणात डोळ्यांना दिसते.

अंतराळातील भट्ट्या

चंद्रावर माणूस उतरल्यानंतरच्या काळात "अंतराळातील कारखाने" हा शब्दप्रयोग गाजू लागला. पृथ्वीवर न जमणारे मिश्रधातू तेथे बनतील, अशी आशा होती. १९७१ मध्ये अपोलो १४ च्या प्रवासात कमी तापमानाला वितळणारे पदार्थ एकत्र ओतून पाहण्याची लहान प्रात्यक्षिके झाली. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या स्थानकावर खरी भट्टी होती. त्याच सुमारास अमेरिकेत उंच मनोऱ्यातून गॅलियम आणि बिस्मथ यांचे नमुने खाली सोडून पाहिले गेले. जेमतेम चार सेकंदांच्या त्या पतनात नमुना गोठला, तेव्हा गॅलियममध्ये बिस्मथचे बारीक कण छान पसरलेले सापडले. आशा दुणावली.

जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत संघाचे सोयूझ ही याने अंतराळात जोडली गेली. राजकारणासाठी गाजलेल्या या भेटीत एक भट्टीही होती आणि तीत शिसे-जस्त व अ‍ॅल्युमिनियम-अँटिमनी यांचे नमुने होते. अ‍ॅल्युमिनियम-अँटिमनीचा नमुना पृथ्वीवरच्यापेक्षा अधिक एकजिनसी निघाला.

मग पाळी आली अ‍ॅल्युमिनियम आणि इंडियम या जोडीची. इंडियम हा मऊ, जड धातू. १५७ अंशांनाच वितळतो. अ‍ॅल्युमिनियमशी त्याची फारकत शिशासारखीच असते, परंतु हजार अंशांच्या आत दोन्ही एकजीव होतात. म्हणून प्रयोगाला ही जोडी सोयीची. गेलेस आणि मार्कवर्थ या अमेरिकन संशोधकांनी तिचे नमुने अग्निबाणातून पाठवले. असा अग्निबाण कक्षेत जात नाही. वर जाऊन खाली येतो आणि मध्ये सुमारे पाच मिनिटे वजनरहित अवस्था मिळते. नमुना आधी तापवून एकजीव केलेला, गोठला तो वजनरहित अवस्थेत. सर्व काही योजनेप्रमाणे झाले.

नमुना कापून पाहिला तेव्हा मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा गोळा होता आणि त्याभोवती इंडियमचे वेष्टण. आंब्याची बाठ आणि गर असावा तसे! धातू वर-खाली झाले नव्हते, पण आत-बाहेर झाले होते. फारकत पूर्ण होती. जर्मन संशोधकांनी स्वीडनमधून सोडलेल्या टेक्सस अग्निबाणांतही असेच अनुभव आले.

सुटला तो गुन्हेगार, पकडले ते साथीदार

शास्त्रज्ञांची पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक होती. काहीतरी चुकले असावे. रस नीट एकजीव झाला नसेल, अग्निबाणाचे धक्के लागले असतील. हे सर्व तपासले गेले. परंतु हळूहळू लक्षात आले की गुरुत्वाकर्षण हा एकच गुन्हेगार नव्हता. त्याच्या गोंगाटात इतर कारणांचे आवाज ऐकू येत नव्हते, इतकेच.

पहिले कारण भिंत. दोन द्रवांपैकी एक मुशीच्या भिंतीला दुसऱ्यापेक्षा अधिक चिकटतो. तो भिंतीवर पसरत जातो आणि दुसऱ्याला आत लोटतो. योगायोग असा, की १९७७ मध्येच जॉन कान या शास्त्रज्ञाने सैद्धांतिक विचारातून दाखवून दिले होते, की दोन द्रव एकजीव होण्याच्या तापमानाजवळ असताना त्यांतील एक द्रव भिंतीला पूर्णपणे व्यापतो. म्हणजे फारकत जिथे सुरू होते, तिथेच भिंतीचा पक्षपात सर्वांत प्रबळ असतो.

दुसरे कारण पृष्ठताण. तो तापमानाप्रमाणे बदलतो. सामान्यतः गरम बाजूला तो कमी आणि थंड बाजूला जास्त असतो. थेंबाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड असेल तर त्याच्या पृष्ठभागावर ओढाताण सुरू होते. पृष्ठभाग थंड बाजूकडे ओढला जातो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून थेंब गरम बाजूकडे सरकतो. पोहणारा हातांनी पाणी मागे सारतो आणि स्वतः पुढे जातो, तसेच हे. या परिणामाला इटलीच्या कार्लो मारांगोनी यांचे नाव आहे. त्यांनी १८६५ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. यंग, गोल्डस्टाइन आणि ब्लॉक या तिघांनी १९५९ मध्ये पृथ्वीवरच दाखवले होते, की द्रवाला खालून गरम ठेवले तर वर येऊ पाहणारा बुडबुडा जागच्या जागी थोपवता येतो. धातुरस गोठताना कडा थंड आणि मध्य गरम असतो. म्हणजे वजन नसले तरी थेंबांना प्रवासासाठी दिशा मिळतेच.

तिसरे कारण म्हणजे थेंबांचा स्वभाव. लहान थेंबांपेक्षा मोठा थेंब ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त. म्हणून लहान विरघळत जातात आणि मोठे वाढत जातात. भेटले की एक होतात.

मग मनोऱ्यातील गॅलियम-बिस्मथ का जमले? कारण तेथे नमुना झटकन गोठला. या तिन्ही शक्तींना काम करायला वेळच मिळाला नाही. कळमन्याचे मिस्त्री रस लवकर ओततात आणि लवकर गोठवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

भारतीय प्रयत्न

भारतीयांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला तो एप्रिल १९८४ मध्ये. राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून सॅल्यूट ७ स्थानकावर गेले, त्याची आठवण आपण एका वाक्यासाठी ठेवतो. त्यांच्या कार्यक्रमात चांदी आणि जर्मेनियम यांच्या मिश्रणाच्या अतिशीतनाचा, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली नेऊनही रस द्रवच ठेवण्याचा प्रयोग होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

स्वतःच्या यानात स्वतःची भट्टी पाठवायला पुढे २३ वर्षे लागली. १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी७ सुटला. या जातीच्या अग्निबाणांच्या मोटरींची पोलादी आवरणे आपल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडत आली आहेत. त्या अग्निबाणात ५५० किलो वजनाची, परत येणारी एक कुपी होती. तिच्यातील भट्टी तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून तयार केली होती. तीत गॅलियम, मॅग्नेशियम आणि जस्त यांच्या मिश्रणापासून अर्धस्फटिक वाढवण्याचा प्रयोग होता. अर्धस्फटिक म्हणजे ज्यांत अणूंची रचना सुव्यवस्थित असते पण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत नाही, असे पदार्थ. डॅन शेश्टमन यांना १९८२ मध्ये ते प्रथम दिसले आणि २०११ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कुपीतील दुसरा प्रयोग जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेच्या सहकार्याने झाला. हाडांत आढळणाऱ्या हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक बनवण्याचा तो होता. २२ जानेवारीला कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. अंतराळातून वस्तू परत आणण्याचे हे भारताचे पहिले यश होते. गोठलेला नमुना हाती येऊन कापता आला नाही तर असल्या प्रयोगाला अर्थ नसतो, म्हणून हे परतणे महत्त्वाचे.

२०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाऊन आले. त्यांच्या भारतीय प्रयोगांचा भर मूग-मेथीचे अंकुर, शैवाले, स्नायूंच्या पेशी अशा जीवशास्त्रीय विषयांवर होता. धातूंची पाळी पुन्हा यावी, ही माझ्यासारख्याची इच्छा.

मग हे सारे फुकट गेले का?

अंतराळातील बेअरिंगचा कारखाना झाला नाही, होण्याची चिन्हेही नाहीत. या अर्थाने अपेक्षा फसली. पण पुढचा भाग पाहा. थेंब गरम बाजूकडे सरकतात हे पक्के कळल्यावर, १९९० च्या दशकात जर्मनीत लोरेन्झ राट्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट विचार केला. ओतताना खालची बाजू थंड आणि वरची गरम ठेवली तर? गुरुत्वाकर्षण थेंबाला खाली खेचेल, मारांगोनी परिणाम वर ओढेल. दोन्हींचा तोल साधला की थेंब जागेवर राहील आणि तेवढ्यात धातू गोठेल. या तत्त्वावर पृथ्वीवरच, गुरुत्वाकर्षण असतानाच, विखुरलेल्या कणांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या ओतून दाखवल्या गेल्या. बुडण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि वर सरकण्याचा वेग केवळ त्रिज्येप्रमाणे. म्हणून तोल एकाच आकाराच्या थेंबाला नेमका साधतो, आणि तापमानातील फरक बराच तीव्र ठेवावा लागतो. तरी वाट सापडली. ती अंतराळात हरल्याशिवाय सापडली असती का, याविषयी मला शंका आहे.

आज शिशाच्या विषारीपणामुळे त्याची जागा बिस्मथला देण्याचे प्रयत्न चालू आहेत. बिस्मथही अ‍ॅल्युमिनियमशी फटकूनच वागते. म्हणजे जुना प्रश्न नव्या नावाने उभाच आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

वर्गात शिसे मुळीच वितळवू नये, त्याची वाफ घातक असते. त्याऐवजी बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी १८४० च्या दशकात वापरलेली युक्ती घ्यावी. पुढे त्यांची दृष्टी गेली, तरी इतरांच्या डोळ्यांनी पाहून त्यांनी काम चालू ठेवले. तेल पाण्यावर तरंगते आणि स्पिरिटमध्ये बुडते. पेल्यात आधी पाणी घेऊन त्यावर हळूच स्पिरिट ओतावे आणि मध्यभागी शेंगदाणा तेलाचे थेंब सोडावेत. ते अधांतरी, गोल होऊन राहतात. जवळ ज्योत नसावी. आता हाच प्रयोग एकदा काचेच्या आणि एकदा प्लॅस्टिकच्या पेल्यात करावा आणि काडीने थेंब भिंतीला टेकवून पाहावा. प्लॅस्टिकला तेल चटकन धरते. वजनाचा प्रश्न नाही, तरी भिंत आपले काम करते! दुसऱ्या ताटलीत स्वच्छ पाण्यावर कापराचा कण सोडावा. पृष्ठताणातील फरकामुळे तो आपोआप धावतो.

मी ते दोन्ही पेले घेऊन पुढच्या नागपूर भेटीत त्या शिक्षकांच्या वर्गात गेलो. माझे उत्तर चुकले होते, हे मुलांसमोर सांगितले. मुलांना त्याचे फारसे काही वाटले नाही. सातवीतल्या एका मुलीने मात्र विचारले, "मग भिंतच नसली तर?"

नेमक्या याच प्रश्नासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये एक भट्टी पाठवण्यात आली. तीत धातूचा थेंब विद्युतचुंबकीय बलाने, कशालाही न टेकवता, अधांतरी धरून वितळवला आणि गोठवला जातो. हे उत्तर मी त्या मुलीला लगेच दिले नाही. आधी वर्गालाच विचारले, भिंतीशिवाय रस धरायचा कसा? तास संपल्याची घंटा झाली तरी उत्तरे येतच होती.